ब्रीटाबाईचा हार

कोणी गेल्याची बातमी दुकानावर आली, की आमचे बाबा 'अरेरे' म्हणायच्या आधी विचारायचे, "सवाष्ण गेली का?" पुरुष असला तर, "मागं बायको हाय?" परक्या माणसाला हे ऐकून धक्काच बसायचा. पण बाबांना नसत्या चौकशीची हौस नव्हती, त्यांना हार करायचा असायचा. अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्यावर आमचं फुलांचं दुकान, आणि हारांच्या बाबतीत बाबांचे नियम म्हणजे दगडावरची रेघ. सवाष्ण गेली तर निशिगंधात लाल गुलाब, मरवा आणि कडेनं जर. विधवा असेल तर नुसता पांढरा. मरवा नाही, जर नाही. नातवंडं-पतवंडं पाहून गेलेला म्हातारा असेल तर पिवळा गोंडा, कारण अशा अंत्ययात्रेत गुलाल उधळतात आणि तो गोंड्यावर खुलतो. हे कोणत्या पोथीत लिहिलंय ते मला आजतागायत सापडलेलं नाही. त्यांच्या बापानं त्यांना सांगितलं, बस्स. आपल्या हातून चुकीचा हार कधी गेला नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता. मी आता बासष्ट वर्षांची आहे, अकोल्यात राहते, जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. पण कुणाच्या फोटोला प्लास्टिकचा हार दिसला की अजून माझं डोकं सणकतं.

घर मळ्यातच होतं, भातकुलीच्या रस्त्याला. उजाडता उजाडता फुलं तोडून व्हायची, मग ओसरीवर ओली पोती अंथरायची आणि त्यांवर ढीग पडायचे: शेवंतीचा, अस्टरचा, गोंड्याचा. ओवायच्या दोऱ्यासाठी केळीचं सोपट बादलीत भिजत पडलेलं. सकाळभर घरात आवाज म्हणजे पोती झटकल्याचा, बादलीच्या कडीचा आणि मायच्या बडबडीचा. माय ओवता ओवता बोलायची आणि आत्या ओवता ओवता गप्प राहायची. चुलीवर कढी रटरटत असायची, बाजूला डाळीचे फुणके वाफवून ठेवलेले. ज्याला भूक लागेल त्यानं हात पुसावे, उठावं, खावं. हात कितीही पुसले तरी आमच्या भाकरीला मरव्याचा वास यायचाच. लग्न होऊन अकोल्याला आले आणि पहिल्यांदा बिनवासाची भाकर खाल्ली, तेव्हा मला चक्क रडू आलं होतं. सासूबाईंना वाटलं, भाकर करपली म्हणून रडते.

शांताआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. पातूरला दिलेली. नवऱ्यानं घरात दुसरी बाई आणून बसवली, तशी ही एक पेटी घेऊन अकोल्याच्या गाडीत बसली, तिथून अमरावतीच्या, आणि थेट मळ्यात येऊन फुलं तोडायला लागली. काहून आली, असं कोणी विचारलं नाही. पेटी पाहूनच सगळ्यांना कळलं. घरात तिच्यासारखी बोटं कोणाचीच नव्हती, बाबांचीही नाही. पण ती आली त्याच वर्षी एका लग्नात नवरीची मुंडावळी ऐन बोहल्यावर तुटली. मुंडावळी आत्याच्या हातची. नवरीची मावशी दुसऱ्या दिवशी दुकानावर आली आणि चारचौघांत म्हणाली, "टाकलेल्या बाईचा हात लावता व्हय लग्नाच्या फुलाले?" आत्या आतच बसली होती. बाबा त्या बाईला काही बोलले नाहीत, आणि आत्यालाही काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून लग्नाची टोपली मायसमोर जायची, आणि आत्यासमोर यायची ती देवाची आणि मयताची. लग्नसराईत माय घाईघाईत काहीतरी वेडंवाकडं ओवायची, आणि समोर बसलेल्या आत्याची बोटं पदराखाली नुसतीच हलत राहायची. ते मला बघवायचं नाही. पण सतरा वर्षांच्या पोट्टीला कोण विचारतं!

अशा घरात स्वीडन आलं ते डबीर सरांमुळे. सर आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि फिल्म मंडळ चालवायचे. रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलचे पडदे ओढून, रेल्वेनं आलेल्या पत्र्याच्या डब्यांतली रिळं लावून ते परदेशी सिनेमे दाखवत. बघायला पंधरा-वीस पुरुष, त्यातले पाच झोपलेले. एका बुधवारी सर स्वतः दुकानावर आले. चेहरा पार उतरलेला. मुंबईच्या मित्रानं त्यांना एका मासिकाचं पान फाडून पाठवलं होतं: काळ्या चौकटीत एका बाईचा मोठा फोटो, खाली फक्त तिचं नाव. ब्रीटा ओस्टरहेम नावाची स्वीडनची नटी, सरांच्या मते जगातली सगळ्यात मोठी. रविवारी शोकसभा आणि तिचा सिनेमा होता. फोटो मोठा करायला टाकलाय, हार तुमच्याकडून हवा, म्हणाले. बाबांनी पेन्सिल कानावरून काढली. "सवाष्ण गेली का?"

सर बघतच राहिले. "म्हणजे... नामदेवभाऊ, तिची दोन लग्नं झाली होती."

"दोघं बी वारले?"

"छे, छे. दोघंही आहेत. तिनं सोडलं दोघांना."

बाबांची पेन्सिल हवेतच राहिली. आत मयताचा हार करत बसलेल्या आत्याची सुईही थांबली. मला ती दिसत होती, बाबांना नाही. बाबा म्हणाले, "सर, असं अर्धवट सांगून जमत नाही. बाई कोण, कुठली, मागं कोण हाय, सगळं लागते. नाहीतं हार चुकते." सर बिचारे घाबरले. त्यांच्याकडे स्वीडनच्या सिनेमावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, आणि मासिकांची एक पेटी. शेवटी असं ठरलं की मी कॉलेज सुटल्यावर त्यांच्या घरी बसून वाचायचं आणि बाबांना येऊन सांगायचं. हार चुकू नये म्हणून सिनेमानटीचं चरित्र वाचणारी अख्ख्या वऱ्हाडात मी एकटीच असेन.

डिक्शनरी घेऊन वाचायचे, वहीत टिपायचे, आणि सकाळी ओसरीवर सांगायचे. उत्तरेकडच्या एका गावात, जिथं नदी गोठते, तिथं लाकडं कापायच्या कारखान्यातल्या मजुराची ही पोरगी. सोळाव्या वर्षी घरातून निघाली आणि राजधानीत जाऊन पावाच्या दुकानात उभी राहिली. नाटकाच्या शाळेनं दोनदा हाकलली, हनुवटी मोठी आहे म्हणून. तिसऱ्यांदा दुकानातला पिठाचा एप्रन तसाच अंगावर ठेवून गेली, आणि घेतली. पुढे यूनास हेलमार्क नावाच्या दिग्दर्शकाला ती सापडली. त्याची पद्धत अशी, की हिवाळाभर नाटकं करायची आणि उन्हाळ्यात, उजेड भरपूर असला की, त्याच माणसांना घेऊन सिनेमा करायचा. तेच नट, तेच सुतार, तीच शिवणारी बाई, आणि जेवायला सगळे एका टेबलावर. हे बाबांना एकदम पटलं. "आपल्यावानीच हाय. सीझन पाहून धंदा," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून ती बाई आमच्या घरात ब्रीटाबाई झाली.

पहिला नवरा नट होता. जाहिरातीत बायकोचं नाव आपल्या नावाच्या वर आलेलं त्याला सोसेना. तिनं सोडला. दुसरा कॅमेरा चालवणारा. त्यालाही सोडला, पण तिच्या पुढच्या सगळ्या सिनेमांचा कॅमेरा त्यानंच चालवला. "सोडल्यावर बी तिचेच फोटो काढे?" माय ओरडलीच. "बाप्पा! काय लोक हायेत!" बाबा म्हणाले, "काम येगळं, घर येगळं." माय म्हणाली, "तुमी त बोलूच नका, तुमाले फुलाच्या पलीकडं काय समजते." दोघांचं असं नेहमीचंच चालू असताना आत्यानं विचारलं. मळ्यात आल्यापासूनच्या चार वर्षांत तिनं काही विचारलेलं मला आठवत नाही. मान खाली घालून, सुई चालूच ठेवून म्हणाली, "मंग वापस गेली का थे कोणाजवळ?"

"नाही," मी म्हटलं. "एका बेटावर घर घेतलं. तिथं राहायची."

"एकटी?"

"एकटी."

"आन काम?"

"काम करायची ना. चाळिशीनंतर स्वतःच एक सिनेमा काढला. पेपरवाल्यांनी पार धुलाई केली. मग तिनं दुसरा काढला."

दुपारी मी जेवायला बसले तेव्हा माझ्या ताटात न मागता जास्तीचा फुणका पडला, आणि आत्या हळूच म्हणाली, "उद्या बी वाचून येजो, बेबे."

शनिवारी दुपारी बाबांनी निकाल दिला. सगळं ऐकून झालं होतं, विचार करून झाला होता. "पांढराच करू," ते म्हणाले. "नवरा नाही म्हणजे नाही. मरवा नको, जर नको." आणि निशिगंधाची टोपली त्यांनी आत्यापुढे सरकवली, कारण हे मयताचं काम.

आत्यानं टोपलीला हात लावला नाही. "दादा," ती म्हणाली, "नवरा मेला नाही तिचा. तिनं सोडला. पांढरं कायले?"

माय बोलता बोलता थांबली. बाबांच्या कपाळाची शीर उठली. "मंग लाल घालू? लाल कोणाच्या नावाचं घालू, सांग!"

"तिच्या सोताच्या," आत्या म्हणाली.

हे ब्रीटाबाईबद्दल नाही, हे मला कळत होतं, मायला कळत होतं, आणि बाबांना तर सगळ्यांत आधी कळलं असणार. बाबा उठले, चपला घातल्या आणि बांधाबांधानं मळ्याच्या टोकाला निघून गेले. कढी निवली, पातोडीची भाजी केली होती ती तशीच राहिली, आणि आत्या मात्र पाय पसरून बसून देवाचे हार करत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि इतकी भीती वाटली, की काय सांगू. बाबांनी आता हिला परत पाठवलं तर? कुठे जाईल ही? हिच्याकडे बेट थोडंच आहे!

रविवारी उजाडताच बाबांनी ओसरीवर टोपली आणून ठेवली. लग्नाची टोपली. लाल गुलाब, मरवा, निशिगंध, मोगरा आणि जरीचं रीळ. ती त्यांनी मायसमोर न ठेवता आत्यासमोर ठेवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "कर तुले वाटते तसा. पण गाठ ढिली नको." आत्यानं केला. तसा हार मी परत पाहिला नाही: पांढऱ्यात ठरावीक अंतरानं लाल गुलाबाचं पेर, मध्ये मरवा, आणि खाली मोगऱ्याचं तळहाताएवढं पदक. बाबांनी तो हातावर तोलला, उलटा केला, गाठी पाहिल्या, आणि स्वतःच सायकलला बांधला. मग म्हणाले, "चला तुमी बी. एवढं ऐकलं त पाहून घेऊ बाईले."

त्या हॉलमध्ये आम्ही तिघी बायका मागच्या बाकावर बसलो. सर बोलले, सगळे दोन मिनिटं उभे राहिले, फोटोला हार चढला. हनुवटी खरंच मोठी होती. मग सिनेमा. एका बेटावरच्या दीपगृहात राहणाऱ्या बाईची गोष्ट. भाषा स्वीडनची, खाली इंग्रजी अक्षरं, ती मी वाचून आत्याच्या कानात सांगायची. थोड्या वेळानं तिनं माझा हात दाबला. "राहू दे. समजून रायलं मले." पडद्यावर ब्रीटाबाई एकटी बसून आलू सोलत होती, कितीतरी वेळ, दुसरं काहीच घडत नव्हतं. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मोठ्यानं जांभई देऊन उठून गेला. आत्या पुटपुटली, "हे बाई आलू सोलते, त खरंच सोलते." मी पुढे ढीगभर समीक्षा वाचली, तिच्या अभिनयावर याहून नेमकं वाक्य मला कुठंही मिळालं नाही. माय अर्थात घोरत होती.

दहा-बारा दिवस गेले असतील. मी कॉलेजमधून परस्पर दुकानावर आले होते, माय आणि आत्या मागे बसून ओवत होत्या, आणि डबीर सर आले. घामाघूम. हातात मित्राचं दुसरं पत्र आणि त्याच मासिकाचं पुढचं पान, मजकुराचं. मेला होता तो दिग्दर्शक, हेलमार्क. काळी चौकट त्याची होती. फोटो त्याच्या सिनेमातला होता, म्हणून त्यात ब्रीटाबाई. मित्राला वाटलं, सर समजतील. आणि सरांना वाटलं, चौकटीत जिचा फोटो ती गेली. आपल्याकडे दुसरं काय वाटणार हो? काळ्या चौकटीत जिवंत माणूस कोण छापतं!

"नामदेवभाऊ," सर म्हणाले, "बाई जिवंत आहेत. ठणठणीत आहेत."

बाबा मटकन स्टुलावर बसले. जिवंत बाईच्या फोटोला आपण मयताचा हार घातला. एवढ्या वर्षांत न झालेली चूक, आणि ती अशी! सर माफी मागत मागत निघून गेले. आणि मग माय बोलली. माय वाईट नव्हती, पण तिची जीभ तिच्या आधी धावायची. "मी त तवाच म्हणत होती. हात कोणाचा लागला होता त्या हाराले?"

सुई थांबली. बाजूचा नारळवाला मान वळवून बघायला लागला. आत्यानं हातातलं फूल खाली ठेवलं आणि पदर आवरला, उठून जायला निघाल्यासारखा. मला वाटलं, संपलं. आता हिच्यासमोर मयताची टोपलीसुद्धा यायची नाही.

बाबांनी मान वर केली आणि नारळवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हात शांतेचा होता. हार घातला, दोन मिनिटं उभे रायले, भाषणं झाले, आन तरी बाई मेली नाही! ठणठणीत हाय! याच्याहून चांगला हात कोणाचा असन बे? असाच हात लागते लग्नाले!"

नारळवाला हसला. माय तोंड उघडं टाकून बसली, आणि मग तीही हसायला लागली, आणि म्हणाली, "खरं हाय बाप्पा, उलट आयुष्य वाढलं तिचं." आत्या मात्र हसली नाही. ती रडली, फुलांवरच, आणि बाबा तिच्यावर खेकसले, "फुलं भिजून रायले ना, शांते!" पुढच्याच आठवड्यात परतवाड्याच्या एका लग्नाची ऑर्डर होती. मुंडावळ्यांची टोपली आत्यासमोर गेली. कोणी नाक मुरडलं की बाबा ब्रीटाबाईची गोष्ट सांगायचे, दर वेळी थोडी वाढवून. शेवटी शेवटी तर हार घातल्यावर बाई फोटोतच हसली होती. काही वर्षांनी माझं लग्न झालं तेव्हा माझ्या मुंडावळ्या आत्यानं केल्या. बोहल्यावर मी दोन वेळा मुद्दाम मान झटकून पाहिली. एक फूल सुटलं नाही.

बाबा गेले, माय गेली, मळ्यात आता प्लॉट पडले. आत्या ऐंशीची आहे आणि गेली काही वर्षं अकोल्यात माझ्याकडे असते. गेल्या महिन्यात माझ्या मोबाईलवर बातमी आली, की ब्रीटा ओस्टरहेम गेल्या. नव्वदी केव्हाच ओलांडली होती. या खेपेला मी चौकटीवर विश्वास ठेवला नाही. चार ठिकाणी वाचलं, तारखा ताडून पाहिल्या, आणि मगच आत्याला सांगितलं. ती पलंगावर उठून बसली. "नक्की गेली ना? मागच्यावानी नको करू." नक्की, म्हटलं. "बरेच दिवस टिकली," ती म्हणाली, "फुलं आण."

निशिगंध मिळाला, गुलाब मिळाले, मरवा शेजारणीच्या कुंडीतून मागून आणला. सुईत दोरा मी ओवून दिला, कारण तिला आता दिसत नाही. गाठी मात्र तिला बघाव्या लागत नाहीत. अर्धा हार झाल्यावर म्हणाली, "हातासरशी माहावाला बी करून ठेवू काय? तू गाठ ढिली मारते." मी तिच्यावर अशी भडकले की विचारू नका. तिनं शांतपणे पुढचा गुलाब उचलला. "कायले चिल्लावतं? लाल घालजो, एवढंच सांगून रायली."

मोठा फोटो आता कुठून आणणार? मोबाईलवरच तिचा तरुणपणीचा फोटो काढला, मोठ्या हनुवटीचा, आणि मोबाईल कपाटाला टेकवून त्याला हार घातला. फोन हारात पार बुडून गेला, फक्त चेहरा दिसत होता. आत्यानं हात जोडले. इतक्यात, फोनचं असतं तसं, स्क्रीन विझला. चेहरा गेला, नुसती काळी चौकट उरली. आत्यानं बोट पुढं केलं आणि काचेला लावलं, आणि ब्रीटाबाई पुन्हा उजळली. आत्या माझ्याकडे वळली. कितीतरी वर्षांनी तिला असं हसताना पाहिलं.

"आली ना वापस?" ती म्हणाली. "माह्या हाताचा हार हाय तो, बेबे. इतक्यात नाही जात थे."